अकरावी चूक

...नाही, पण मला एक सांगा, एकाहत्तराव्या वर्षी, एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या चुका मोजायला कुणी बसवतं का? दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे, पुण्यात, डॉक्टरांची तारीखसुद्धा घेतलेली आहे. तरी बसवलं. कुठे? इकडे आखातात, रास अल खैमात. कसल्या चुका? बेसबॉलमधल्या.

तुम्हाला सांगतो, गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका सकाळी तीनदा सहाव्या मजल्यावर परत गेलोय. तिसऱ्या वेळी वॉचमननं विचारलं, "साब, एक्सरसाइज?" छाया, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, हल्ली घर बंद करताना गॅसच्या बटणाचा फोटो काढून मला पाठवतात, आणि तो फोटो आजचाच कशावरून, ही शंका मला नेमकी मेट्रोत बसल्यावर येते. चाळीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. पेपरचा एक गठ्ठा तीनदा तपासायचो. एकदा पासाला पस्तीस लागत असताना एका पोराला चौतीस दिले होते, बैठक क्रमांक बावीसशे सतरा, साल एकोणीसशे ब्याण्णव... आणि अजूनही मला अधूनमधून वाटतं, त्याचा चौथा प्रश्न परत बघायला हवा होता.

अशा माणसापुढे माइक ठेवला आणि म्हणाले, सर, मैदानावर काही गडबड झाली की चूक कुणाची, ते ठरवायचं कुणी? तुम्ही.

झालं असं, की आमचा मुलगा सुजीत ज्या टाइल्स कंपनीत मार्केटिंग बघतो, तिचे मालक बदरुद्दीन शेठ. मूळचे श्रीवर्धनचे, फॅक्टरी रास अल खैमात. त्यांनी जाहिरात म्हणून एक बेसबॉल टीम घेतली. इथे आता चार टीमची व्यावसायिक लीग आहे, खेळाडूंना पगार असतो, अर्धे बाहेरून आणलेले, अर्धे इथलेच. टीमचं नाव शमाल, म्हणजे आपल्याकडे जसा वळवाचा वारा तसा इथला धुळीचा वारा. शर्टाच्या पाठीवर कंपनीचं घोषवाक्य, 'आमची टाइल घसरत नाही'. आणि गेल्या वर्षी ते शर्ट घालून ही सगळी टीम सीझनभर घसरली.

"सर," शेठ मला म्हणाले, "सोळातल्या पंधरा हरलो. सोळावी वादळानं कॅन्सल झाली, ती आपली बेस्ट मॅच. एकसष्ट एरर केले पोरांनी. बोर्डावर एरर, पाठीवर घसरत नाही. माझे दोन डीलर तुटले. म्हणून यंदा रूल केलाय. सीझनमध्ये एकाच्या नावावर दहापेक्षा जास्त एरर, की तो खलास, काँट्रॅक्ट बंद. आणि मोजणारा माणूस मला पक्का पाहिजे. सुजीत म्हणतो, तुम्ही स्टॅटिस्टिक्सचे डॉक्टर."

मी म्हटलं, "शेठ, मी फार शंकेखोर आहे."

"तेच पाहिजे. यल्ला, चला, फ्रायडेपासून या."

आता क्रिकेटमध्ये कसं, कॅच सुटला की सगळे कपाळावर हात मारतात, दोन दिवस शिव्या देतात आणि विसरतात. स्कोअरबुकात त्याचं नावनिशाण नसतं. हे बेसबॉलवाले विसरत नाहीत हो. धावा, हिट आणि एरर, असे तीन आकडे बोर्डावर, दिव्यांनी, हे मोठाले. आणि चेंडू सुटला की तो मारणाऱ्याचा पराक्रम म्हणून हिट, की सोडणाऱ्याचा गाढवपणा म्हणून एरर, हे अंपायर ठरवत नाही. ते ठरवतो वर काचेच्या खोलीत बसलेला स्कोअरर. नियम काय? तर सर्वसाधारण प्रयत्नात जो चेंडू अडवता आला असता, तो सुटला तर एरर. सर्वसाधारण म्हणजे किती? सरासरी हा माझा चाळीस वर्षांचा विषय, पण सरासरी माणूस मी अजून एकदाही बघितलेला नाही. मी नातीला, ईशानीला विचारलं. नियम तिनंच मला शिकवले. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजोबा, इट्स सिंपल. जस्ट बी ऑब्जेक्टिव्ह." तेराव्या वर्षी सगळंच सिंपल असतं.

बरं, तेही जमवलं असतं. पण आमच्या वर, आठव्या मजल्यावर, मैमुनाबी राहतात, रत्नागिरीकडच्या, आणि त्यांचा मुलगा अबरार हा शमालचा शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे जो उभा असतो, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चेंडू येतात, आणि म्हणून ज्याच्या हातून सगळ्यात जास्त सुटतात. विम्याच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून आलेला पोरगा. काँट्रॅक्ट गेलं तर बापाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, शारजाला, बोल्ट मोजत बसायचं, हे ठरलेलं. शौकतभाईंनी, म्हणजे त्या बापानं, स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

आणि कंपनीची बस अल कुसैसहून आम्हा दोघांनाच उचलायची. तासाभराचा रस्ता. आरोपी खिडकीशी, न्यायाधीश शेजारी, आणि आरोपी म्हणतोय, "सर, तुमची बॅग द्या ना, वर ठेवतो." पहिल्याच मॅचला मी त्याला एरर दिला. परतताना तासभर मी बाहेरचे उंट मोजले. बसमधून उतरताना तो म्हणाला, "सर, जपून, पायरी उंच आहे." हे काय बोलणं झालं? दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी दारावर बेल. मैमुनाबी. हातात डबा, डब्यात सांदणं. "सर, अबरार म्हणाला, दमून आलात काल."

मी आत येऊन छायाला म्हटलं, "परत कर. ही लाच आहे."

"सांदणाची कोण लाच देतं?" ती म्हणाली. "आणि खाल्लंत तर तुम्हीच, चार."

"मग डबा तरी परत कर."

"करते की. रिकामा डबा देतात का कुणाला? बेसनाचे लाडू घालते."

झालं. आता स्कोअररच्या घरून खेळाडूच्या घरी लाडू गेले. म्हणजे आम्ही कशाची भरपाई करतोय, असाही कुणी अर्थ काढू शकतो की नाही? लाडवांचा डबा त्यांच्याकडून घावनं घेऊन आला. घावनांचा डबा शंकरपाळे घेऊन वर गेला. तुम्हाला सांगतो, मी गणितात अनंत मालिका शिकवल्या आहेत, पण घरात, ओट्यावर, स्टीलच्या डब्यात चाललेली बघितली ती पहिली. आणि एरर दिला तरी डबा, नाही दिला तरी डबा. कुठलाही संबंध निघत नव्हता. मी आलेख काढून बघितला.

टीम मात्र सुधारली बरं का. पहिल्या पाचातल्या तीन जिंकल्या. शेठ माझ्या काचेच्या खोलीत घाम पुसत आले, "सर, हे काय चाललंय? मला सवय नाही. कुठे काही चुकत तर नाही ना?" मी म्हटलं, चुकतंय, हे बघा, आज दोन. तर म्हणाले, "हां, मग ठीक आहे." आणि खाली कँटीनचा चहा मागवला, तीन दिरहमचा, म्हणजे सत्तर रुपयांच्या वर, आणि मला तेवढ्यावरून परत वाटायला लागलं की मी आता मालकाचा मिंधा झालो.

नवव्या मॅचला तर वाराच सुटला, खरा शमाल. चौथ्या इनिंगला समोरचा खेळाडू आहे की खांब, ते कळेना. खेळ थांबवला, राहिलेला दुसऱ्या दिवशी. माझी पद्धत अशी, की मैदानावर पेन्सिलीनं कच्चं लिहायचं आणि घरी येऊन पेनानं पक्क्या वहीत उतरवायचं. शुक्रवारी अर्धी मॅच उतरवली, शनिवारी उरलेली. ती पक्की वही लीगच्या ऑफिसात जायची, तिथे ते कॉम्प्युटरमध्ये घालायचे. ही नववी मॅच जरा लक्षात ठेवा. मी नव्हती ठेवली.

असं करत करत आलो शेवटच्या मॅचला. सोळातल्या पंधरा झाल्या, सात जिंकल्या, आणि अबरारच्या नावावर एरर किती? बरोब्बर दहा. आणखी एक, की शारजाचं स्टूल.

त्या दिवशीही बसमध्ये त्यानं माझी बॅग वर ठेवली. उतरताना फक्त म्हणाला, "सर, आज जे दिसेल ते द्या."

अरे, पण मला एकाच डोळ्यानं नीट दिसतं, बाळा.

मैमुनाबी पहिल्यांदाच मॅच बघायला आल्या होत्या, माझ्या काचेच्या बरोबर खाली, मांडीवर डबा. शेवटची इनिंग. आपली टीम दोन धावांनी पुढे. समोरच्यानं मारला, जमिनीवरून, सरळ अबरारकडे, फार जोरात नाही, फार हळू नाही, म्हणजे काय? सर्वसाधारण. अबरार वाकला, हात खाली नेला, आणि चेंडू मनगटाला लागून बाजूला गेला. एक धाव आली. पुढचा गडी लगेच बाद झाला, मॅच जिंकलो, आठवी, शेठ खुर्चीवर उभे राहिले, सगळे नाचतायत... आणि हळूहळू एकेक जण थांबला आणि वर काचेकडे बघायला लागला. कारण बोर्डावर आकडा लागला नव्हता. चूक कुणाची, ते ठरवायचं कुणी? मी.

मी माइक उचलला आणि म्हणालो, "हिट." बोर्डावर हिट लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला मनगट आठवलं. मी म्हणालो, "सॉरी. एरर." बोर्ड बदलला. मग खाली मैमुनाबी दिसल्या. मी म्हणालो, "एक मिनिट." माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं स्टेडियमनं ऐकलं, की, "हे असं होणार म्हणूनच मी सुजीतला नको म्हटलं होतं." बोर्डवाल्यानं शेवटी मलाच विचारलं, "सर, फायनल?" मी म्हटलं, "एरर." आणि परतीच्या बसला न जाता सुजीतला गाडी घेऊन बोलावलं.

आता नियमात एक मेख आहे. स्कोअररला निर्णय बदलायला चोवीस तास मिळतात. कुणी लिहिला असेल हा नियम? त्याला माझ्यासारखा माणूस माहीतच नसणार. मला चोवीस तास देणं म्हणजे... छायाला विचारा. मागे पडद्याचा रंग ठरवायला मी दोन वर्षं घेतली, तोवर घरमालकानं घर विकलं.

सकाळी व्हिडिओ बघायला बसलो. अकराव्यांदा बघताना मला वाटलं, चेंडू खड्यावर उडाला. खडा असेल तर हिट, पोरगा सुटला. ईशानीला हाक मारली. "आजोबा, दॅट्स अ डेड पिक्सल." स्क्रीन पुसली, खडा गेला नाही, बातम्या लावल्या, निवेदिकेच्या गालावरही तोच खडा.

मग मी माझी शेवटची पायरी घेतली, जी गठ्ठा तपासताना घ्यायचो. पहिल्या पानापासून सगळं परत. कच्ची वही या बाजूला, पक्की त्या बाजूला, एकेक मॅच जुळवत. दुपारी जेवणाच्या आधी नवव्या मॅचला आलो आणि, तुम्हाला सांगतो, ते पान मी तीनदा मोजलं. शुक्रवारी अर्धी मॅच मी पक्क्या वहीत उतरवली होती. शनिवारी मला शंका आली होती, की कालच्यात काही राहिलं तर नाही? म्हणून सगळी मॅच पहिल्यापासून परत उतरवली, आणि आधीची खोडायची विसरलो. ऑफिसवाल्यांनी दोन्ही घातल्या. चौघांचे हिट दुप्पट झाले होते, त्या चौघांनी काही तक्रार केलेली नव्हती. आणि अबरारचा एक एरर दोनदा. म्हणजे त्याचे दहा नव्हतेच, नऊ होते. कालचा धरून दहा. दहापेक्षा जास्त नाही.

तेवढ्यात बेल. मैमुनाबी, हात रिकामे. "सर, एक बोलायचं होतं. तुम्ही एररच ठेवा. मी खालून बघितलंय, चुकलाच तो. लहानपणापासून शेवटच्या क्षणाला वर बघतो. आता तुम्ही बदललंत, तर लोक म्हणतील सांदणावर सुटला. मी डबापण आणला नाही आज."

मी त्यांना बसवलं, दोन्ही वह्या दाखवल्या. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवून ओळी जुळवल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नवव्या मॅचला एकच झाला होता?"

"एकच."

"मी फोनवरच्या व्हिडिओत बोर्डावर एक बघितला तेव्हा त्याला बोलले, आणि मग लीगच्या ऑफिसच्या यादीत दुसरा बघून परत बोलले. एकदाच बोलायला पाहिजे होतं." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि छायानं पाणी आणलं ते मीच पिऊन टाकलं.

शेठना फोन केला. म्हटलं, अबरारचा कालचा एरर कायम, पण एकूण दहाच, पोरगा राहतो. चूक माझी. ती कुठे नोंदवू? त्या तीन आकड्यांत स्कोअररच्या चुकीला जागा नाही.

"सर," शेठ म्हणाले, "दुसरा कुणी असता, तर त्यानं वही परत उघडली नसती. पुढचा सीझन पण तुम्हीच."

मी म्हटलं, शेठ, दुसरा कुणी असता, तर त्यानं ती मॅच दोनदा लिहिलीच नसती. पण तोपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

म्हणजे आता पुढचं वर्षभर चूक कुणाची, ते ठरवायचं कुणी? मीच. संध्याकाळी परत बेल, परत मैमुनाबी, आणि डबा. खापरोळ्या. म्हणाल्या, आता सीझन संपला, आता चालतं. डबा रिकामा झाला, छायानं धुतला, पुसला, माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "यात काय घालू, चिवडा की लाडू?"

मी म्हटलं, "थांब जरा, विचार करू दे."

"करा," ती म्हणाली. "चोवीस तास आहेत."