आतल्या बाजूचा अडसर

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. घर निर्धोक आहे, हे कुणी ठरवायचं? ज्यानं बांधलं त्यानं — की जो आत झोपतो त्यानं?

घाई नको! उत्तर तयार असेल तर खिशात ठेवा. पुराव्याविना उत्तर देणाऱ्याला मी शाळेत बाकावर उभं करत असे. इथे सतरंजी आहे, म्हणून सवलत!

आणि आधीच सांगतो, या आख्यानात देव प्रकट होत नाही. आकाशवाणी नाही. एक सुतार, त्याची बायको, एक नर्सबाई आणि एक पत्र्याची पेटी. एवढ्यावर भागतं का, पाहू.

गोदाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही — तिथले चौघे समोरच बसलेत, आणि एकानं आत्तापासूनच मान खाली घातली आहे! त्या गावात रंगनाथ पांचाळ हे सुतार. फळीला फळी जोडली, तर सांध्यात पोस्टकार्ड शिरू नये! ही अतिशयोक्ती नव्हे. मी स्वतः पोस्टकार्ड घालून पाहिलं. शिरलं नाही.

आणि त्यांच्या घराची दारं! हात सोडला, की आपोआप, आवाज न करता मिटत. लोक म्हणत, पांचाळाच्या हातावर कृपा आहे. कृपा कसली! चौकट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आत झुकवली, की दार स्वतःच्या वजनानं मिटतं. ते गुरुत्वाकर्षण! कडी मात्र एकाही दाराला नाही. रंगनाथराव म्हणत, "कडी कशाला? इथे माणसं राहतात."

गावच्या आरोग्य उपकेंद्रातून वर्षभरात दोन नर्सबाई निघून गेल्या होत्या. राहायला धड जागा नाही. गरोदर बायका तपासणीला एकोणीस किलोमीटर जात. ग्रामसभेत रंगनाथराव उभे राहिले. "आजवर परकं माणूस घरात ठेवलं नाही. आता ठेवतो! आणि पांचाळाच्या घरातून नर्स निघून गेली, तर पुन्हा रंधा हातात धरणार नाही!"

ऐकलंत? भाडेकरू अजून यायची आहे, आणि हे जन्माचा धंदा पणाला लावून बसले!

आली. यामिनी कुकडे, वर्ध्याकडची. वय पंचवीस, हातात पत्र्याची पेटी. तिला पाणी विचारायच्या आधी यांनी खोलीचं दार तीनदा उघडून मिटवून दाखवलं. "बघा! आवाज आला?"

"छान आहे जी, काकाजी," ती म्हणाली. "आतून कडी कुठे आहे?"

घ्या! मृदंगवाले, एक थाप द्या! रंगनाथरावांनी दार चौथ्यांदा मिटवलं.

"कडी? माझ्या घरात? बाई, सव्वीस वर्षांत इथली सुई हरवली नाही!"

"सुईचं नाही जी, काकाजी."

"मग कशाचं?"

"काही नाही."

आठ दिवस गेले. रंगनाथराव पारावर सांगत, "टिकली की नाही?" आणि नवव्या दिवशी सकाळी यामिनी जाता जाता कौसल्याबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, म्हणाली, "काकू, रविवारी मी तालुक्याला खोली पाहायला जाते."

रंगनाथरावांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. "काय कमी पडलं हिला? जेवण? पाणी?"

कौसल्याबाई शेणाचं घमेलं घेऊन तिची खोली सारवायला गेल्या. पाच मिनिटांनी हाक आली, "अहो! इकडे या. तुमचा टेप घेऊन या."

जमिनीवर दोन समांतर रेघा. भिंतीपासून थेट दारापर्यंत. सुतार उकिडवा बसला. मापलं. दोन रेघांमधलं अंतर — अठरा इंच. पेटीची रुंदी — अठरा इंच! आणि पेटी एकदा ओढली, तर सारवणावर नुसता ओरखडा उमटतो. इथे नखभर खोल खाच. म्हणजे रात्री पेटी दाराला, सकाळी परत भिंतीला. रोज!

"कुणाला भिते ही? मला?"

"तुम्हाला नसेल. आधी राहत होती तिथलं कुणी असेल. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

मीही विचारलेलं नाही, मंडळी. पुरावा नेतो तिथवरच जावं.

कौसल्याबाई तिथे थांबल्या नाहीत. नवऱ्याला माजघरात नेलं आणि दाराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. लाकडावर एक काळपट तेलकट डाग. "हे काय आहे, सांगा."

"लाकडाची गाठ असेल."

"माझा अंबाडा आहे! सव्वीस वर्षं लुगडं बदलताना दाराला पाठ लावून उभी राहते मी."

"माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"भरवसा आहे. कडी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"येईल त्याला दार दाखवत होतात तुम्ही. मध्ये कुठे बोलू?"

आता तुम्हाला वाटत असेल — सुतारावर संकट कोसळणार, नर्सबाई प्राण वाचवणार, मग याचे डोळे उघडणार! नाही हो. दोन रेघा आणि एक डाग. बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं आणि बाभळीचे दोन अडसर घडवले. दारामागे आडवा टाकायचा दांडा, चौकटीत त्याला खाचा. एक माजघराला, एक यामिनीच्या खोलीला. संध्याकाळी ती आली, तशी म्हणाले, "आत जा. अडसर टाका." आणि बाहेरून दार ढकललं. हलेना! खांदा लावला. अडुसष्ट किलोंचा सुतार — दार तसूभर सरकेना!

आतून आवाज आला, "अजून जोर लावा जी, काकाजी!" आणि ती हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा!

घामानं निथळत रंगनाथराव अंगणात आले आणि गल्ली गोळा केली. "या, या! घर माझं, दार माझ्या हातचं — आणि माझ्यानं उघडत नाही!" हा माणूस एवढ्या ताठ मानेनं आधी कधी बोलला नव्हता.

यामिनीबाई रविवारी तालुक्याला गेल्या नाहीत. आज चौथं वर्ष आहे. परवा मी गेलो होतो, जमीन पाहिली. सारवण कोरं. आणि रंगनाथराव अजूनही पाहुण्यांना दार दाखवतात, फक्त बाहेर उभं करून म्हणतात, "ढकला!"

आता खिशातलं उत्तर काढा. आमचं घर चांगलं, असं तुम्ही म्हणता. असेलही! पण ते तुमचं मत झालं, मोजमाप नव्हे. आज घरी गेल्यावर जरा खाली वाका, जमीन पाहा. दारांची आतली बाजू पाहा. कुणाच्या अंबाड्याचा डाग सापडतो का? सापडला, तर लाकडाची गाठ म्हणू नका.

रंगनाथराव माजघराशी येतात, बोटानं दार वाजवतात. आतून "थांबा" ऐकू येतं. आणि हा घरचा धनी छाती फुगवून थांबतो!

टाळ उचला, नामाचा गजर करू. पण आधी प्रत्येकानं आपल्या घरातलं एक मिटलेलं दार डोळ्यांपुढे आणा. आणलंत?

ढकलू नका. वाजवा!