वळणावरचा लाल आकडा

...आणि वर घरचे मलाच म्हणतात, "आई, वय झालं, बोटं मंदावतात." बोटं मंदावतात? अहो, या बोटांनी मी अजून सुईत दोरा ओवते, पहिल्या फटक्यात, तेसुद्धा चष्म्याशिवाय... बरं, चष्मा लावून. पण ओवते ना. बोट माझं जागेवर आहे. तुम्हाला सांगते, वळण आलं, मी डावीकडचं बटण दाबलं, दाबलं म्हणजे असं दाबलं की काच कुरकुरली, आणि माझी पिवळी मोटार निघाली सरळ... सरळ, जसं काही तिला कुणी सांगितलंच नाही, जाऊन कठड्यावर आपटली, आणि आपटून झाल्यावर वळली. आपटून झाल्यावर! म्हणजे निरोप मिळाला तिला, मिळाला नाही असं नाही, पण उशिरा. आता तुम्हीच सांगा, मी दाबलं तेव्हाच दाबलं ना? मग मधला वेळ गेला कुठे?

थांबा, मोटार म्हणजे खरी नव्हे, घाबरू नका, रस्त्यावर तुम्ही सुखरूप आहात. नातीच्या टॅबवरची मोटार. मी त्याला पाटी म्हणते, ती चिडते, म्हणून जास्त म्हणते. चार वाजता ती क्लासला जाते आणि पाटी माझ्या हातात येते, माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत. आणि तिकडे सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात, तशीच पाटी घेऊन, लाल मोटारीत कोण बसलेलं असतं? वन्सं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ही दोन वेण्या घालून दारात बोरं खात उभी, नाक पुसायची अक्कल नाही, आणि सासूबाई मला म्हणतात, "वन्सं म्हणायचं हो तिला. अहो-जाहो करायचं." बावन्न वर्षं झाली. बावन्न वर्षं मी त्या बयेला अहो वन्सं, या वन्सं, बसा वन्सं करतेय, आणि ती मला "काय गं वहिनी." सासूबाई गेल्या, हे गेले, माझे दात गेले, पण ते अहो-जाहो काही गेलं नाही.

म्हणून मीच पैज काढली. जी आधी एकवीस शर्यती जिंकेल ती जिंकली. मी जिंकले तर मी तिला 'अगं' म्हणणार, उरलेलं सगळं आयुष्य. आणि ती जिंकली तर? तर मी सगळ्या नातेवाइकांसमोर सांगून टाकायचं की होणाऱ्या नवऱ्याबरोबर पहिल्यांदा फिरायला निघालेल्या वन्संच्या नव्या छत्रीत पीठ कुणी भरलं होतं. तिने छत्री उघडली आणि दोघं पांढरीफेक... तर ते आजवर माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे. भावावर संशय घेऊन बसली बिचारी, आणि हेसुद्धा तो आळ घेऊन गेले. माझी अब्रू पणाला लागली होती, लक्षात घ्या.

सुरुवातीला मी पुढे होते. नऊ-चार. तेव्हा अंग चोरून, जपून खेळायचे; मग रंगात आले आणि नेमकं आमचं ते नेट बिघडलं. पाटीच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. नातीला विचारलं तर म्हणाली, "आजी, तो पिंग. तू बटण दाबलंस की निरोप लांबच्या मशिनला जातो आणि उत्तर परत येतं. त्याला लागलेला वेळ. हजार झाले की एक सेकंद." मी चौथी शिकलेली, पण एवढं कळलं. हिरवा चाळीस म्हणजे निरोप्या पळतोय. लाल सातशे म्हणजे निरोप्या कुठेतरी चहा पीत बसलाय. आणि गंमत अशी की सरळ रस्त्यावर आकडा हिरवागार. वळण आलं की लाल. दर वळणाला! आता इतका वेळ पळणारा निरोप्या नेमका वळणावरच का बसतो? मधला वेळ जातो कुठे?

आधी वाटलं, वन्संनीच काही केलं असणार. विचारलं तर म्हणते, "हरायला लागलीस की तुला नेट आठवतं गं वहिनी." आणि हसते. ते हसणं तुम्ही ऐकलेलं नाही... नशीबवान आहात.

मग मी नेटवाल्याला बोलावलं. कमरेला पक्कड, कानात फोन. पॅसेजमध्ये आमचा तो दिवेवाला डबा आहे, तिथे उभा राहिला, मी दारात हात बांधून उभी. त्याने त्याच्या फोनवर काहीतरी फिरवलं आणि म्हणाला, "स्पीड शंभर आहे, आजी. चक्क शंभर. एवढ्यात अख्खा सिनेमा दोन मिनिटांत उतरतो." म्हटलं, "बाबा, मला सिनेमा नको, मला वळण हवंय." तो म्हणाला, "पिंगपण तीस आहे की." बघितलं, तर खरंच तीस. हिरवा. मला खोटं पाडून, वर चहा पिऊन तो गेला, मी खोलीत येऊन खुर्चीत बसले, पहिलं वळण आलं... सहाशे वीस.

मग म्हटलं, चोर घरातच आहे. आमची सून आतल्या खोलीतून व्हिडिओवर मुलांना चित्रकला शिकवते, पहिला संशय तिच्यावर. पण मंगळवारी तिचा वर्ग नसतो आणि मंगळवारीही वळण लाल. मग मी एकेक पिन उपटत गेले. मायक्रोवेव्ह, धुण्याचं मशिन, मिक्सर, मुलाचं दाढीचं मशिन, शेवटी फ्रिज. दूध नासलं. सून म्हणाली, "आई, फ्रिजचा आणि नेटचा काय संबंध?" मी म्हटलं, "निर्दोष आहे हे कळलं ना? मग झालं तर." त्यावर तिने जे बघितलं माझ्याकडे...

आणि एक दिवस माझा गुडघा धरला. जागचं हलता येईना. तशीच खेळायला बसले, आणि काय सांगू, चारही वळणं हिरवी. पुढची शर्यत, हिरवी. सलग तीन जिंकले! दुसऱ्या दिवशी गुडघा सुटला आणि आकडा परत लाल. आता ह्याचा अर्थ काय लावायचा माणसाने? गुडघ्यात नेट आहे?

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी नुसत्या बोटाने वळत नाही हो. डावं वळण आलं की मी अख्खी डावीकडे जाते, उजवं आलं की अर्धी खुर्चीतून उठते, हात वर, पाय झाडते. म्हटलं, बघू तरी. शर्यत लावली, मोटार जागेवर उभी ठेवली आणि नुसता हात हलवला. एक, दोन, तीन... आकडा लाल. हात मांडीवर ठेवला, थांबले. हिरवा. मान डोलावली, लाल. गप्प बसले, हिरवा. अर्धा तास हेच. अंगात वीज आहे की काय माझ्या? इतकी वर्षं कळलं कसं नाही? खात्री करून घ्यावी म्हणून सुनेला हाक मारली. "ये, तुला गंमत दाखवते. मी नाचले की नेट मरतं." आणि नाचून दाखवलं.

सून हसली नाही. वर बघायला लागली. कपाटाच्या वर. तिथे एक पांढरं अंड्याएवढं काहीतरी बसवलंय मुलाने, आठ महिने झाले. मला म्हणाला होता, "आई, हे धूर हुंगणारं यंत्र आहे." मी खरं मानलं. खरं म्हणजे मी एकदा खाली काडी पेटवून धरली होती, हुंगतं का बघायला, आणि त्याच मिनिटाला मुलाचा कचेरीतून फोन, "आई, काय करतेस?" "काही नाही रे. का?" "सहज." मी दिवसभर सांगत सुटले, बघा, आईच्या मनातलं लेकराला लांबून कळतं...

कॅमेरा आहे हो तो. स्टुलावरून पडले होते मी मागच्या वर्षी, अर्धा तास जमिनीवर पडून होते, घरात कुणी नव्हतं, तेव्हापासून लेकाने धसका घेतलाय. खोलीत काही हललं की कॅमेरा जागा होतो आणि चित्र पाठवायला लागतो त्याच्या फोनवर. सून म्हणाली, "आई, आपल्या नेटची घरात येणारी वाट रुंद आहे, बाहेर जाणारी अरुंद. कॅमेऱ्याचं चित्र निघालं की ती वाट भरून जाते. तुमच्या बटणाचा निरोप मग त्याच्या मागे थांबतो." ऐकलंत? म्हणजे माझं बोट माझ्याच सिनेमाच्या मागे रांगेत उभं. इतके दिवस मी घर पालथं घातलं, मधला वेळ गेला कुठे, मधला वेळ गेला कुठे... तो लेकाच्या खिशात जात होता.

मग एकदम आठवलं. आठ महिने! सुनेला विचारलं, "म्हणजे मी ह्या खोलीत तुझ्या चालण्याची नक्कल करते ती..."

"बघितलीय आई. चांगली करता. फक्त माझी मान एवढी वाकडी नाही."

आता तुम्ही म्हणाल, उपटायची पिन आणि मोकळं व्हायचं. केलं असतं, पण लेकाला कळू द्यायचं नव्हतं मला, की मला कळलंय. गंमत जाते ना मग. म्हणून त्या अंड्यावर टॉवेल टाकून बघितला. दोन मिनिटांत फोन. "आई... तुझ्याकडे... म्हणजे, दिवे गेलेत का?" म्हटलं, "भरदुपारी दिवे कशाला लावू रे?" खरं बोलताही येईना त्याला, विषय सोडताही येईना. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पण टॉवेल काढावा लागला, नाहीतर धावत घरी आला असता.

आणि शर्यती झाल्या वीस-वीस. राहिली एक. मी ठरवलं, हलायचंच नाही. दगड व्हायचं. फक्त दोन अंगठे, बाकी सगळं अंग गहाण. शेजारी फोन उघडा ठेवला, तो नेहमीच ठेवतो आम्ही, टोमणे मारायला. वन्सं म्हणाल्या, "काय गं, आज गप्प? पिठाचं भाषण पाठ करतेस का?" मी उत्तर दिलं नाही. ओठसुद्धा हलवला नाही. पहिलं वळण, अडतीस. दुसरं, चाळीस. नाकावर माशी बसली, बसू दिली. तिसऱ्या वळणाला मी तिच्या पुढे होते हो, चांगली दोन मोटारी पुढे. डोळ्यांची पापणी लवत नव्हती माझी.

आणि तिकडे कचेरीत काय झालं? लेकाच्या मनात आलं, पाव तास झाला, आईचा काहीच हलल्याचा निरोप नाही. त्याने फोन काढला आणि कॅमेराच उघडून बसला. सारखं चित्र सुरू. बघतो तर आई खुर्चीत, मान ताठ, डोळे उघडे, नाकावर माशी. माझ्या कोपऱ्यात आकडा लाल. नऊशे, अकराशे. शेवटचं वळण समोर, मी दाबतेय, मोटार ऐकत नाही, ही गेली सरळ, हा कठडा... आणि त्याने मला फोन लावला तर माझा फोन वन्संशी जोडलेला. मग लावला सुनेला. "आई हलत नाहीये. जा, बघ, पळ!" ती आतून धावत आली, मला खांद्याला धरून गदागदा हलवलं, "आई, आई, अहो डोळे उघडेच आहेत..." मी अंगठा सोडला नाही. तो दाबलेलाच होता.

फोनमध्ये सगळं ऐकू जात होतं. वन्संची लाल मोटार मला मागे टाकून शेवटच्या रेघेच्या हातभर अलीकडे पोचली होती, आणि तिथेच थांबली. पाटी टाकली असणार तिने हातातून. फोनातून नुसतं, "वहिनी... ए वहिनी... बोल गं... पीठ तूच भरलंस मला तेव्हाच माहीत होतं गं, पण बोल..."

आणि त्याच वेळी माझे ते सगळे उशिराचे निरोप पोचले असतील, कोण जाणे. माझी पिवळी कठड्याला घासत, खरखरत, म्हातारीसारखी सरपटत आली आणि त्या थांबलेल्या लाल मोटारीच्या शेजारून रेघ ओलांडून गेली. एकवीस.

मी म्हटलं, "अरे हो, हलते, हलते. जिंकत होते म्हणून हलत नव्हते."

सून मटकन जमिनीवर बसली. लेक तिच्या फोनातून ओरडत होता, "मला दिसलं, मान हलली!" आणि मग जीभ चावली त्याने. नंतर मी त्याला म्हटलं, "धूर दिसला का रे?" तो विषय तेवढ्यावरच आहे.

वन्सं रडून झाल्यावर हसल्या, हसून झाल्यावर नाक शिंकरलं, आणि म्हणाल्या, "जिंकलीस बाई. म्हण आता." मी फोन उचलला, घसा साफ केला. बावन्न वर्षांनी तोंडातून काढायचं होतं, नीट काढावं म्हटलं. सून ऐकत होती, लेक ऐकत होता. मी म्हटलं, "अगं, ऐकलंस का, जेवलीस का तू?"

तिकडून हळूच आवाज आला, "कोणाशी बोलतेस गं वहिनी? घरात कोणी आलंय का?"

"नाही हो वन्सं," मी म्हटलं. "सुनेला विचारत होते."