कोचबाई नुसतं विचारते!

…नाही, पण माणसानं विचारायचं तरी किती? तासभर! तुम्हाला सांगतो, तासभर ती बाई मला विचारत होती, अन् एकदा, एकदाही हो, 'असं करा' म्हणाली नाही! मी दाढी करणारा माणूस. बेचाळीस वर्षं लोकांच्या गळ्याला वस्तरा लावून सल्ले देत आलोय, कुणाची टाप आहे नको म्हणायची? अन् मलाच समोर बसवून नुसतं विचारायचं!

झालं काय, माझा उजवा हात लागला थरथरायला. मी कुणाला कळू दिलं नाही. हात थरथरला की विनोद सांगायचो, गिऱ्हाईक हसायचं, मी म्हणायचो, 'अहो, हसू नका, हात हलतो माझा!' पण परवा आमच्या मास्तरांची मिशी… तीस वर्षांची हो, पोरं तिला भिऊन पाढे म्हणायची… डावीकडची गेली. मग उजवीवर अन्याय नको म्हणून तीही काढली. 'मास्तर, दहा वर्षांनी लहान दिसताय!' मास्तर नुसता ओठ चाचपत बसले. ते बघितलं अन् माझा विनोदच आटला.

दुसऱ्या खुर्चीवर माझी लेक असते. हात कसा, लोणी! तिनं सगळं पाहिलेलं. म्हणाली, "बाबा, पहिली खुर्ची मला द्या. नाहीतर मी पलीकडच्या गल्लीत माझं दुकान टाकते. तुम्ही उडवलेल्या मिश्या झाकायला मी नाही इथं थांबणार."

आता आली का पंचाईत? निघालो विचारायला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या, पण थोडी थरथर राहणारच." बरं. मग ते मनाचे, समुपदेशक. फार गोड माणूस. "अगदी लहानपणापासून सांगा." सांगितलं. वडील गेले तिथपर्यंत आलो अन् ढसाढसा रडलो! हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खुर्चीचं काय? माझे उस्ताद, ज्यांनी मला फुग्याला साबण फासून दाढी शिकवली, ते म्हणाले, "मी ऐंशीचा झालो, सोडली का कात्री? तूही सोडू नकोस!" त्यांचा हात अजून दगडासारखा, त्यांना बोलायला काय जातंय? अन् जावई कंपन्यांचे सल्लागार! त्यांनी टेपनं दुकान मोजलं, तीन पानं लिहून दिली. आरसे बदला, दिवे बदला… माझा हात त्यात कुठंच नव्हता!

शेवटी लेकीनंच कोचकडे धाडलं, आयुष्याचे निर्णय घ्यायला मदत करतात म्हणे. मला वाटलं, गळ्यात शिट्टी असेल, मैदानाला फेऱ्या मारायला लावतील. तर ही लेकीच्याच वयाची पोरगी!

"काका, तुम्हाला काय हवंय?"

"चहा."

"आणि चहानंतर?"

घ्या! माझ्यावरच कडी! म्हटलं, "तुम्हीच सांगा ना, शिकलेल्या आहात."

"मी आयुष्यात कुणाची दाढी केली नाही, काका. दुकान तुमचं, लेक तुमची. मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल. खुर्ची दिली तर नेमकं काय जाईल तुमचं?"

आलं का पुन्हा? नुसतं विचारायचं!

"वस्तरा जाईल."

"आणखी?"

"गिऱ्हाईक."

"आणखी?"

अन् मग ती गप्प! मला शांतता सोसत नाही हो, माझा धंदाच बडबडीचा. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं… शेवटी तोंडातून निसटलंच, "लोक माझ्याशी बोलायचे थांबतील." बोललो अन् मीच चपापलो. अहो, गप्पा मारायला वस्तरा कशाला लागतो? अन् हे तिनं नाही हं विचारलं, माझं मीच विचारलं, तेही मोठ्यानं!

"मग खुर्ची कधी देताय?"

"उद्या सकाळी." कोण म्हणालं? मी!

सकाळी पहिल्या खुर्चीत बसलो, गिऱ्हाईक म्हणून. लेकीनं फेस केला, मान तिरकी केली. बेचाळीस वर्षं ज्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं, त्या बाजूनं दुकान बघितलं. कुणाला तरी दोन शिव्या हासडाव्याशा वाटल्या हो. आता तुम्हीच सांगा, गोळी लागू पडली नाही तर डॉक्टरला शिव्या देता येतात. जावयाला मनातल्या मनात देता येतात. पण हे तर माझं मीच ठरवलेलं! द्यायच्या कुणाला? आरशात बघितलं, एकच थेरडा होता. म्हटलं, हाच तो! शिव्या द्यायला चांगलं तोंड उघडलं…

"बाबा, हनुवटीवर आहे मी. गप्प बसा."

बसलो.