आखूड दस्ता

आयडाहोतल्या आमच्या गावच्या बंदुकीच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे ऑरिन आणि डेल हे दोघे भाऊ उभे होते.

"ऑरिन, सेमी-ऑटोमॅटिक रायफलला हा दस्ता आखूड पडेल. हात बघ तुझे, बुजगावण्यासारखे लांब!"

"लोर्नाच्या मापाचा घेतोय."

"आणि सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंनी कशाला?"

"डावखुरी आहे ना ती."

"नळीही बदललीस म्हणे?"

"जुनी जड होती. तिचा हात भरून यायचा."

"दर रविवारी गॅरेजमध्ये हेच करत बसतोस?"

"बरं वाटतं."

"अरे, बायको एप्रिलमध्येच घर सोडून गेली तुझी."

"माहितीये, डेल."

"मग?"

"हरणांचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. तो ती कधी चुकवत नाही."

डेलने दस्ता हातात घेतला, खांद्याला लावून पाहिला.

"तिच्यासाठी अजून बोटभर आखूड घे."