शिवेपर्यंत

न्हाई न्हाई, साहेब, बसा — भोकं पाडायची मशीन थांबली ती थांबली, बाया काय तिच्यापुढनं उठायच्या न्हाईत, या लंकाबाईनं सांगितल्याबिगर तर न्हाईच. चहा घ्या. कोराच हाये. काय म्हणता? सरकारी कागद? असंल की! कागदावर आमचा डोंगर पडीक असंल. पडीक! हिरड्याची झाडं काय तुमच्या कंपनीनं लावली? आन् देवराई? तिथली वाळकी काडीबी आमी चुलीला आणत न्हाई, आन् तुमी तिथं भोकं पाडणार — कशाला, तर खडक टणक हाये का बघायला, वर धरण बांधून वीज करायची म्हणून. वीज कुणाला, डोंगर कुणाचा!

आता मला सांगा, आमचं झरं कुठं हायेत हे तुमाला कुणी दावलं? नकाशात न्हाईत ते. शेजारच्या तळेघरच्या माणसालाबी ठावं न्हाई. आन् बरोबर त्याच चार ठिकाणी भोकांच्या खुणंचा तुमचा लाल रंग! गाव म्हणतं, आमच्यातल्याच भागूनं दावलं. का, तर तुमच्या गाडीतनं एकदा घोडेगावला गेला. त्याच्या पोरीच्या हळदीला एक बाई फिरकली न्हाई, राव — आन् मी, गावाची पुढारी, मीबी घरात बसून ऱ्हायले, गप...

बघता काय असं? इसरला व्हय? गेल्या चैतात आलता तुमी, एकटंच, 'मावशी, देवाच्या पाया पडायचंय' म्हणत. चपला लांब काढल्या, मला लई बरं वाटलं. माज्या हातची नाचणीची भाकर खाल्ली. मग इचारलं, एवढ्या उन्हात पाणी कुठनं आणता? पावण्यापासनं झरा लपवला तर तो आटतो, असं म्हणत्यात आमच्यात. म्हणून दावला. एक दावला, तुमी म्हणला 'आणखी?', मग मलाच फुशारकी चढली — चारी दावलं! वर शिवेपर्यंत पोचवाय आले. पावणा शिवेवर सोडायचा, रीतच हाये आमची.

उद्या ग्रामसभा हाये. भागूचं नाव निघंल. निघालं की मी उठणार, सांगणार — मग गावानं मला पुढारी ठेवावं न्हाईतर वाळीत टाकावं... सरला ना चहा? ठेवा कप. उठा आता. आज शिवेपर्यंत येणार न्हाई मी. वाट तुमाला ठावी हाये.