उत्तर कोण देतंय?

नमस्कार मंडळी. अण्णांच्या पत्नी माई, त्यांचा मुलगा दत्ता, मुरुडचे गावकरी आणि लातूरहून आलेले तुम्ही सगळे. गावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून मी दिवसभर बोलते, पण शोकसभेत बोलायची मला सवय नाही. अण्णा गेले त्याचं दुःख आहेच. पण खरं सांगू? त्याहून जास्त मला हायसं वाटतंय. रागावू नका. का वाटतंय, तेच सांगायला उठले.

अण्णा गेल्यापासून गावात एकच कुजबुज चालू आहे. 'पोरानं बापाला शेवटच्या वेळी मोठ्या दवाखान्यात का नेलं न्हाई?' दत्तासमोर कुणी म्हणत नाही. पाठीमागचं मात्र त्याला सगळं ऐकू जातंय.

अण्णा लातूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन गावी आले, त्याच सुमारास आमच्या दवाखान्यात टॅब आला. तुम्ही बघितलाय तो. पेशंटचा त्रास त्यात भरायचा, की तो डॉक्टरला रंग दाखवतो. हिरवा, पिवळा, लाल. लाल म्हणजे लगेच पुढं पाठवा. हे कितपत कामाचं, ते तपासायचं काम अण्णांकडं आलं. टॅब बनवणाऱ्या कंपनीला एवढंच हवं होतं, की डॉक्टर त्याचा सल्ला किती वेळा ऐकतात. अण्णा म्हणाले, "त्यानं डॉक्टर किती आज्ञाधारक आहे ते कळंल. पेशंटचं काय?"

आणि बसले की ओपीडीत खुर्ची टाकून! मला लई राग यायचा. डोक्यावर परीक्षक कुणाला आवडतो?

एकदा एक आजी आल्या, सोबत लेक. मी टॅबवरचा प्रश्न वाचला, "जेवण जातं का?" लेक म्हणाला, "हाव, जातंय की." "वजन उतरलं?" "न्हाई, हाय तेवढंच हाय." स्क्रीन पिवळी. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आजी, तुम्ही सांगा की. घास उतरतो का?" आजींनी आधी लेकाकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "भाकर गिळतच न्हाई बाबा. पाण्यात कुस्करून खाते." तेच मी भरलं, आणि स्क्रीन लाल झाली. लेक वाईट नव्हता हो. पहाटेच मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला जाणारा माणूस, आईच्या ताटात काय उरतं ते त्याला कसं दिसणार?

आपल्याकडं पेशंट कधी एकटा येतो का? सोबत माणूस येतो, आणि तोच बोलतो. सुनेचं सासू सांगते, बायकोचं नवरा सांगतो. मायेनंच सांगतात. पण टॅबला काय कळतंय, उत्तर कोण देतंय ते? अण्णांनी हेच कंपनीला लिहिलं. तिकडून फोन आला, "सर, हे आमच्या कामात बसत नाही." अण्णा कडाडले, "मग तुम्ही मोजून राहिलात तरी काय?"

मीही भांडले. म्हटलं, प्रत्येकाला वेगळं विचारत बसले तर रांग बाहेर रस्त्यावर जाईल. "जाऊ द्या," म्हणाले, "डॉक्टरला वेळ पुरत न्हाई, तेही लिहितो." आणि लिहिलं. शेवटी कंपनीनं ऐकलं, आणि टॅबमध्ये पहिलाच प्रश्न तो आला, उत्तर कोण देत आहे? सोबतच्या माणसाला आम्ही थोडा वेळ बाहेर बसवायला लागलो. बायका स्वतःच्या तोंडानं बोलायला लागल्या. कामाचं ओझं वाढलं, पण माझा जीव थाऱ्यावर आला.

मग अण्णांचं हृदय थकलं. शेवटच्या वेळी दत्तानं त्यांना उचलूनच आणलं. स्क्रीन लाल. दत्ता म्हणाला, "मॅडम, गाडी तयार हाय. लातूरला नेतो, लागलं तर हैदराबादला नेतो." अण्णांना धाप लागलेली, तरी त्यांनी बोट वर केलं. पहिला प्रश्न मी विचारलाच नव्हता. दत्ताला मी बाहेर बसवलं.

मंडळी, आता नीट ऐका. अण्णा मला म्हणाले, "मोठे दवाखाने करून आलो. आता नळ्या नकोत. घरी जायचंय, माईजवळ. भीती न्हाई वाटून राहिली, डॉक्टर." मी समजावलं. पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग त्यांनी दत्ताला आत बोलावून स्वतः सांगितलं. दत्ता रडला, बापाशी भांडला, आणि शेवटी बापाचं ऐकलं. धाप कमी राहावी म्हणून मी घरी जाऊन औषधं देत होते. माईंचा हात हातात घेऊन अण्णा शांतपणे गेले. टॅब चुकला नव्हता. अण्णाही चुकले नव्हते. आणि दत्ता तर मुळीच नाही.

अण्णांनी मला बजावलं होतं, "दत्ता कुणाला सांगणार न्हाई. बापावर ढकलल्यासारखं वाटंल त्याला. तुम्ही सांगा, चारचौघांत." आज सांगितलं. लई मोकळं वाटतंय मला.

दत्ता, मघापासून तू मागं चपलांपाशी उभा आहेस. पुढं ये. माईंजवळ बस. बाकीचे आपण सगळे उठू या, आणि अण्णांना श्रद्धांजली वाहू या.