परतीची वाट

गॅरेजच्या बाकावर आजी देवाचं नाव घेत बसल्या होत्या. शेजारी एक नवरा-बायको जुना ट्रक निवडत होते.

"हाच घेऊ गं. डिझेल कमी पितो, आणि पाना-पकडीवर दुरुस्त होतो."

"अहो, तो मोठा घ्या ना! डोंगरातल्या आडवाटेला तुमच्या पाठीचं काय?"

"पाठीचं सोड. इंजिनाचा पट्टा तुटला तर बदलशील?"

"मी? मग तुम्ही कशाला आहात?"

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. तरी डोंगर बघायचेच! हट्टी कुठले."

"जाताना मी चालवीन. येताना कदाचित तुला एकटीलाच आणावा लागेल."

बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

"रडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. पाना द्या इकडे. आधी कुठला नट सोडायचा?"

आजींच्या ओठांवरचं नाव तिथंच थांबलं.